ओव्हिलाची डावी बाजू

केटल लेकमध्ये कुणी नवखा आला की लोक त्याला पहिल्यांदा चांदीची खाण दाखवतात आणि मग सांगतात, आमचा गोलरक्षक ओव्हिला शारेत कधी पडला नाही. ते ऐकलं की माझं डोकं उठतं. ओव्हिला माझा धाकटा भाऊ. तो पडला असता तर बरं झालं असतं, असं मी एकदा चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत बोलून गेले. तेव्हापासून गावातल्या बायका माझ्याशी जरा जपूनच बोलतात. बोलू देत.

आमचं मूळ गाव ओटावा नदीकाठचं, लाकडाच्या गिरण्यांचं. नदी गोठली की पोरं हातात वाकड्या काठ्या घेऊन बर्फावर हॉकी खेळायला उतरायची. ओव्हिला त्यांच्यात सगळ्यात हडकुळा, म्हणून त्याला गोलमध्ये उभं करायचे. गोल म्हणजे तरी काय, बर्फात रोवलेले दोन खांब. समोरून रबराची चकती सणसणत येणार आणि ती अंगावर झेलायची. आई खिडकीतून बघायची आणि संत लुसीचं नाव घ्यायची. संत लुसी डोळ्यांची राखण करते अशी आमच्यात श्रद्धा. तिचं पितळी पदक आईने ओव्हिलाच्या गळ्यात घातलं होतं. खेळताना टोचतं म्हणून तो ते बुटात ठेवायचा. पायाखाली घातलेली संत कशाची राखण करणार, असं मी म्हणायचे आणि आई माझ्यावर डोळे वटारायची.

बाबा गिरणी सोडून खाणीत गेले ते वर आलेच नाहीत. वर आली ती त्यांची टोपी. त्या दिवशी ओव्हिलाने ठरवलं, काहीही करीन, पण जमिनीखाली जाणार नाही. म्हणून एका क्लबच्या माणसाने हस्तांदोलन करताना त्याच्या तळहातात घडी केलेली नोट सरकवली, तेव्हा त्याने मूठ मिटली. तेव्हा पैसे घेऊन खेळणं म्हणजे अब्रू विकणं समजत. वर्तमानपत्रात नाव छापून आलं, हौशी खेळाडूंच्या संघांनी त्याला कायमचं बाहेर काढलं. एकदा पैसे घेतले की परतीचा रस्ता बंद. फादरने प्रवचनात त्याचं नाव घेतलं नाही, पण बघत होते आमच्याच बाकाकडे. ओव्हिला मला म्हणाला, "बाबांना खाणीने पैसे दिले तेव्हा फादर काही बोलले नव्हते."

मग तो सरहद्दीपलीकडे अमेरिकेत तांब्याच्या खाणींच्या गावी गेला. तिथे खेळाडूंना राजरोस पगार मिळायचा. वर्तमानपत्रांतून कातरलेल्या बातम्या तो आम्हाला पाठवायचा, मी त्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवायचे. एका हिवाळ्यात बातम्या यायच्या थांबल्या, आणि वसंतात तो स्वतःच दारात उभा राहिला. डाव्या भुवईवर एक जुनी खूण होती, बाकी धडधाकट. कुणाच्या तरी काठीचं टोक लागलं होतं म्हणाला. बरं झालं होतं म्हणाला.

तोवर माझं लग्न आन्सेल्म बोदोशी झालं होतं आणि आम्ही केटल लेकमध्ये खाणावळ चालवत होतो. आन्सेल्म म्हणजे दाराला अडसर लावावा तसा माणूस. बोलणं कमी, चालणं सावकाश, पण जागेवरून हलवून दाखवा. गावाच्या संघात तो बचावाला, गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात उभा राहायचा. संघ खाणमालकाचा. पगार देणारा तो, म्हणून कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हेही तोच ठरवायचा. कॅप्टन यूअन मॅकरे, लांब हाडाचा स्कॉटिश. ओव्हिला आल्याचं कळताच मॅकरे आमच्या दारात हजर झाला आणि टेबलावरच करार करून गेला.

मला कळलं ते नंतर, जेवणाच्या टेबलावर. वाटाण्याचं घट्ट सूप होतं, खारवलेलं डुकराचं मांस घातलेलं, ओव्हिलाच्या आवडीचं. मिठासाठी त्याने डावीकडे हात नेला आणि दिव्याची काच पाडली. धांदरटपणा म्हणून मी ओरडले. दुसऱ्या दिवशी काकवीचं भांडं पाडलं. तिसऱ्यांदा मी ओरडले नाही. वाढता वाढता त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, पळी उचलली आणि त्याच्या डोळ्यासमोर मारायला उगारावी तशी धरली. तो पाव मोडून खात राहिला. पापणीसुद्धा लवली नाही. पळीतून सूप टपकलं तेव्हा कुठे त्याने मान वळवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खाली बस, देलिमा. ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये. कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. आधी धुकं होतं. आता काहीच नाही." त्याने चमचा नीट पुसून ठेवला. "उजवा चांगलाय. उजव्याने मी माशीचे पायसुद्धा मोजीन."

मी त्याला डॉक्टरकडे ओढून नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरने दिवा लावून कितीतरी वेळ दोन्ही डोळे पाहिले आणि मग दिवा विझवला. म्हणाला, डावा गेला, त्याचा विचार सोडा. पण आता उजव्याला दोघांचं काम करायचंय, आणि मारही दोघांच्या वाटणीचा त्यालाच बसणार. तुम्ही दुसरा काहीतरी धंदा बघा. ओव्हिलाने विचारलं, इथे दुसरा कोणता धंदा आहे? डॉक्टरने खिडकीतून बाहेर पाहिलं. खिडकीतून खाणीचा मनोरा दिसत होता.

त्याने आम्हा दोघांना आईच्या पदकावर शपथ घ्यायला लावली, मला आणि आन्सेल्मला. कॅप्टनला कळलं तर मालकाला कळेल, आणि एका डोळ्याच्या गोलरक्षकाला कोण पगार देणार? हौशी संघ तर आधीच बंद. मग खाण. मी कडाकडा भांडले. खाणावळीत ये, लाकडं फोड, बटाटे सोल, म्हटलं. तो हसून म्हणाला, "बहिणीच्या ताटातला भाऊ होऊ? त्यापेक्षा चकती परवडली." शेवटी मीही पदकावर हात ठेवला. आन्सेल्मने ठेवला तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "मी कुठे उभा राहू?"

"माझ्या डावीकडे. फार जवळ नको, लोकांच्या डोळ्यावर येईल."

झालं. त्या हिवाळ्यापासून आन्सेल्म डावीकडे उभा राहायला लागला. लोकांना वाटलं, हा सुस्त झालाय, जागा सोडत नाही. मॅकरे त्याच्यावर खेकसायचा, मधे ये, मधे ये. आन्सेल्म मान डोलवायचा आणि तिथेच उभा राहायचा. ओव्हिला मान किंचित डावीकडे वळवून उभा राहायचा, म्हणजे चांगला डोळा समोर यायचा. गावाला ती ऐट वाटली. पोरं रस्त्यात तशी मान वाकडी करून चालायला लागली. आणि तो मधूनमधून काठीने डावा खांब ठोकायचा, टक. खांब दिसत नव्हता म्हणून, आपण कुठे आहोत हे कळायला. लोक म्हणाले, शकुनाचं ठोकणं आहे. मग खेळ सुरू झाला की सगळं रिंक, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवती जमलेलं अख्खं गाव, त्या टकची वाट बघायचं. मीही बघायचे, पण वेगळ्या कारणाने.

तेव्हा गोलरक्षकाला खाली पडायची मुभा नव्हती. गुडघा टेकला की पंच त्याला बाहेर काढायचा आणि गोल उघडा पडायचा. तोंडावर काही नाही, हातात साधे मोजे. जे येईल ते उभ्याने घ्यायचं. ओव्हिला सगळं उभ्याने घेत होता. आम्ही जिंकत होतो. आणि जिंकत होतो तसतशी माझी झोप उडत होती. रात्री तळ्यावरचा बर्फ कण्हायचा, इथून तिथे लांबलचक, जसं कुणी खालून पाठ लावतंय. केटल लेकची माणसं त्या आवाजाला झोपेत कूस बदलतात. मी उठून बसायचे.

शेवटचा सामना हार्लनशी होता. हार्लन म्हणजे तळ्यापलीकडचं गाव, तिथेही चांदी, तिथेही पैशाने आणलेला संघ. मार्च निम्मा सरला होता. नैसर्गिक बर्फ, वर लाकडी छप्पर. छपरातून पाणी ठिबकत होतं आणि बर्फावर डबकी साचली होती. असल्या बर्फावर चकतीचा भरवसा नसतो. डबक्यात रुतते, रुतली असं वाटेपर्यंत उडते. मी सकाळी ओव्हिलाला म्हटलं, पोट दुखतंय म्हणून सांग. त्याने माझ्या हातचे पॅनकेक खाल्ले, काकवी ओतून घेतली, आणि या खेपेला भांडं पाडलं नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं, इतकी मी वेडी झाले होते.

जाताना तो बूट चढवत दारात बसला. बुटातलं पदक काढून त्याने माझ्या हातात दिलं. "आज पाय फार ओले होतील," म्हणाला. "जपून ठेव."

मला ते घ्यायचं नव्हतं. पण घेतलं.

रिंक खच्चून भरलं होतं. दिवे लागले होते, छताला ओळीने टांगलेले, इतके की माणसांच्या श्वासाची वाफ पिवळी दिसत होती. मी आमच्या संघाच्या बाकामागेच, वरच्या फळीवर बसले होते. खेळ सुरू झाला. टक. आन्सेल्म डावीकडे. हार्लनची पोरं वाऱ्यासारखी यायची आणि आन्सेल्मवर आपटून पडायची. पहिला अर्धा भाग संपला तेव्हा आम्ही एका गोलने पुढे होतो. माझ्या शेजारच्या बाईने मला सफरचंद दिलं. मी ते मांडीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या भागात हार्लनचा पर्डी पडला. पर्डी त्यांचा सगळ्यात वेगवान गडी. डबक्यात त्याचा स्केट अडकला आणि पाय वाकडा झाला. हाड मोडल्याचा आवाज मी वरपर्यंत ऐकला. कुणी ढकललं नव्हतं, कुणाची चूक नव्हती. चौघांनी त्याला उचलून नेलं, आणि रिंकमध्ये कुजबुज थांबली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. बदली गडी नसायचा. समोरचा गडी जायबंदी होऊन गेला की आपणही आपला एक गडी बाहेर बसवायचा. नियमात तसं नव्हतं, पंच सांगायचा नाही. पण सहा जणांविरुद्ध सात जणांनी जिंकायचं ही हलकट गोष्ट, असं सगळे मानायचे. केटल लेकने ही रीत कधी मोडली नव्हती आणि गावाला त्याचा फार अभिमान होता. मॅकरेने क्षणभरही घेतला नाही. त्याने आपले गडी पाहिले. पुढचे लागणार होते, गोल करायला. मधला तर तो स्वतः. उरला तो जागा न सोडणारा, सुस्त, बिनकामाचा. त्याने काठीने खूण केली. आन्सेल्म, बाहेर.

मी उभी राहिले. मला आठवतंय, मांडीवरचं सफरचंद खाली गेलं.

आन्सेल्म हलला नाही. मॅकरे त्याच्याजवळ गेला. काय बोलला ते मला नंतर आन्सेल्मने सांगितलं. मॅकरे म्हणाला, "ऐकू येत नाही का, बोदो? त्यांचा माणूस मोडलाय. गावाची लाज काढतोस?" आन्सेल्म म्हणाला, दुसऱ्या कुणाला बसव. मॅकरेने विचारलं, का? आणि आन्सेल्मला का सांगता येईना, कारण पदकावर हात ठेवलेला. प्रेक्षकांतून शिट्ट्या यायला लागल्या, आमच्याच माणसांच्या. हार्लनवाले हात बांधून बघत होते.

तेव्हा ओव्हिला पुढे आला. त्याने आन्सेल्मच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा, आन्सेल्म."

"तू बोल त्याला. नाहीतर मी बोलतो."

"शपथ घेतलीयस. आणि त्यांचं बरोबर आहे. थोडाच वेळ राहिलाय." मग म्हणाला, "डावीकडचा खांब मला ठाऊक आहे."

आन्सेल्म बाहेर येऊन माझ्या पुढ्यातच, खालच्या बाकावर बसला. त्याने वर माझ्याकडे बघितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रीत पाळली गेली होती.

टक. टक. ओव्हिला आता सारखा ठोकत होता. मान आणखी डावीकडे वळली होती, जवळजवळ खांद्यावर, कारण आता तिकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. चांगला डोळा त्याने धोक्याच्या समोर आणून ठेवला होता. हार्लनचा एक पोरगा डावीकडून आला. फार जोरात नाही, साधाच आला. त्याने चकती मारली, ती डबक्यात शिरली, मला वाटलं रुतली. ती उडाली.

आवाज फारसा झाला नाही. ओव्हिलाचं डोकं मागे गेलं आणि परत पुढे आलं. चकती बर्फावर पडली आणि मॅकरेने ती दूर लोटली. गोलमागे उभ्या माणसाने रुमाल हलवला नाही. गोल नव्हता. सगळं रिंक उसळलं. पंच आला, ओव्हिलाच्या तोंडावरून रक्त येत होतं. कुणीतरी बर्फाचा गोळा दिला, त्याने तो चेहऱ्यावर दाबला. पंचाने काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली. असल्या जखमा तेव्हा रोजच्याच. पंच निघून गेला. ओव्हिला पडला नव्हता. लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते.

त्याने काठी डावीकडे नेली. टक. मग सावकाश उजवीकडे नेली, जरा चाचपडत. टक.

त्या दिवसापर्यंत त्याने उजवा खांब कधी ठोकला नव्हता.

आन्सेल्म उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरून ओणवी होऊन ओरडले, "ओव्हिला, बाहेर ये. खेळ पुरे झाला. बाहेर ये." माझा आवाज असा फाटला की आसपासचे हसले. कुणीतरी म्हणालं, आईचं दूध आणलंय वाटतं. ओव्हिलाने माझा आवाज ओळखला. त्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि हसला. पण बघत होता तो शेगडीच्या धुरांड्याकडे, माझ्यापासून चांगलं दोन हात लांब.

आन्सेल्म फळी ओलांडून बर्फावर उतरायला लागला. पंचाने बोट उगारलं, उतरलास तर सामना हार्लनचा. आमच्याच दोघांनी आन्सेल्मला धरून खाली बसवलं. मी खाली उतरून मॅकरेला सांगायला निघाले, शपथ गेली खड्ड्यात, पण माणसांच्या गुडघ्यांतून वाट मिळेना. मी लोकांना ढकलत होते, चिमटे काढत होते, आणि मागून ऐकत होते. टक, टक. डावा, उजवा. एकदा चकती त्याच्याकडे आली. ती त्याच्या पायाला लागून परत गेली. त्याने पाय हलवलाही नव्हता. लोक म्हणाले, काय थंड डोक्याचा माणूस आहे.

मी कठड्याशी पोचले तेव्हा घंटा झाली.

आम्ही जिंकलो. गावाने ओव्हिलाला खांद्यावर घेतलं. मॅकरे रडत होता आनंदाने, त्याची दाढी ओली झाली होती. मिरवत त्याला माझ्यापर्यंत आणलं आणि खाली ठेवलं, बहिणीने पापा घ्यावा म्हणून. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. उजवा डोळा सुजून मिटला होता. डावा उघडा होता, तसाच निळा, आईसारखा. आमच्या डोक्यावर एक दिवा होता, हात वर केला तर भाजेल इतका खाली.

त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"देलिमा, एवढ्यात दिवे का मालवले? लोक अजून इथेच आहेत ना?"

मी काय सांगितलं मला आठवत नाही. पदक माझ्या मुठीत होतं, ते इतकं रुतलं की महिनाभर तळहातावर खूण होती.

डॉक्टरने पुन्हा दिवा लावला. या वेळी लवकर विझवला.

मालकाने त्याला हंगामाचा उरलेला पगार दिला, वर एक चांगला कोट दिला, आणि दुसरा गोलरक्षक आणला. ओव्हिलाला खाणीत जावं लागलं नाही. एवढं मात्र त्याला हवं होतं तसं झालं. तो माझ्या ताटातला भाऊ झाला. बटाटे सोलतो, साल पातळ काढतो. कुणी बोलायला लागलं की अजून मान डावीकडे वळवून उजवी बाजू पुढे करतो, जणू तिकडून बरं दिसेल.

पुढच्या हिवाळ्यात हार्लनशी सामना होता. ओव्हिलाला जायचं होतं, म्हणून आम्ही गेलो. आन्सेल्म त्याच्या डावीकडे बसला. आता दोन्ही बाजू सारख्याच, पण आन्सेल्म दुसरीकडे बसतच नाही. खेळात हार्लनचा एक गडी पडला, त्याला उचलून नेलं. मॅकरेने खूण केली नाही. तो बर्फावरून सरळ आमच्यापाशी आला, टोपी काढली. सगळं रिंक बघत होतं. त्याला खरं काय ते आम्ही सांगितलं होतं, त्यानंतर तो आमच्या दारात आला नव्हता.

"ओव्हिला," तो म्हणाला, "त्यांचा माणूस गेलाय. तू म्हणशील तसं. बसवू का कुणाला?"

ओव्हिलाने विचार केला नाही.

"बसव ना," म्हणाला. "सहा जणांशी सात जणांनी काय खेळायचं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, उभं राहून वाजवल्या. आन्सेल्मसुद्धा मान खाली घालून वाजवत होता. मी शाल गुंडाळली, ओव्हिलाचा हात माझ्या हातावरून काढून आन्सेल्मच्या हातात दिला आणि घरी निघून आले. त्यानंतर मी त्या रिंकमध्ये पाऊल टाकलेलं नाही.